अमेरिकन कायद्याची कुंडली

‘पब्लिक लॉ ८९-२३६’ हा नुसता आकडा नाही, पत्ता आहे: अमेरिकेच्या ८९व्या काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा, २३६वा कायदा. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली, स्थलांतरितांचा देशवार कोटा मोडीत निघाला आणि हजारो मराठी इंजिनिअर-डॉक्टरांना अमेरिकेची वाट खुली झाली.

ही वाट कशी खुली झाली, हे घरबसल्या, फुकट शोधता येतं. ‘गव्हइन्फो’ या सरकारी संकेतस्थळावर ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’ या कायद्यांच्या संग्रहाचा ७९वा खंड, पान ९११ उघडलं की मंजूर कायद्याचा मजकूर समोर येतो. त्यातच मूळ विधेयकाचा क्रमांक मिळतो, एच. आर. २५८०. तो हाती लागला की खरी मजा सुरू! ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ या संसदेच्या कामकाजाच्या नोंदींमध्ये सभागृहातली खडाजंगी सापडते, प्रतिनिधिगृहात ३१८ विरुद्ध ९५ मतं पडली होती.

मात्र या ‘रेकॉर्ड’मध्ये छापलेलं प्रत्येक भाषण झालंच होतं, असं मानू नये. सदस्यांना मजकूर नंतर सुधारता येतो, वाढवताही येतो. न बोललेल्या भाषणांवर वेगळी खूण करायला तर १९७८मध्ये सुरुवात झाली.

‘काँग्रेस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर विधेयकांचा तपशीलवार प्रवास १९७३पासूनचा आहे. त्याआधीच्या कायद्यांचा असा प्रवास शोधायला जुने खंडच चाळावे लागतात.