गाण्यांमागचा हिशेब

मुंबईत खासगी एफएम अवतरला तो २००२ च्या उन्हाळ्याच्या सुमारास. रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, गो ९२.५, रेड, विन अशी केंद्रं मागोमाग आली, टॅक्सीपासून पानाच्या टपरीपर्यंत वाजू लागली आणि थोड्याच काळात तक्रार सुरू झाली की, खुंटी कुठेही फिरवा, तीच हिंदी गाणी आणि तीच बडबड. या एकसुरीपणाचं खापर सहसा आरजेंच्या उथळपणावर, नाहीतर श्रोत्यांच्या आवडीवर फुटतं. खरं तर ते परवान्याच्या अटींवर फुटायला हवं.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. सरकारने १९९९ मध्ये धोरण आणलं आणि ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात काढल्या. मुंबईतल्या एका परवान्याचं वार्षिक शुल्क ९.७५ कोटींवर गेलं. त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ, मग कमाई होवो न होवो. म्हणजे पाचव्या वर्षी १७ कोटी, दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर! श्रोता दमडी देत नाही, सारी भिस्त जाहिरातींवर. अशा वेळी सकाळी आठला, जाहिरातीचा भाव चढा असताना, नाट्यगीत किंवा नवख्या कवीचं भावगीत लावायची छाती कुणाची होणार? देशभरात या लिलावातून उभी राहिली ती १२ शहरांतली जेमतेम २१ केंद्रं. मुंबईतलं विन पुढे बंदच पडलं.

बोली कंपन्यांनीच लावली, मग रडगाणं कशाला, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, हावरटपणा त्यांचाच. पण त्याची किंमत मोजली श्रोत्याने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांना फिल्मी गाणीच हवी होती. आकाशवाणीने ती दूर सारली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळलेच होते. मात्र १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीने त्याच गाण्यांच्या शेजारी ‘हवामहल’मधल्या नाटिकाही ऐकवल्या आणि लोकांनी त्या आवडीने ऐकल्या. आवड एकाच चवीची नव्हती. फरक एवढाच की, विविध भारतीच्या मानेवर वाढत्या शुल्काचं जोखड नव्हतं.

मग २००५ मध्ये ठरावीक शुल्क जाऊन उत्पन्नाच्या ४ टक्क्यांची पद्धत आली, तरी एकसुरीपणा का टिकला? कारण दुसरी अट तशीच राहिली: बातम्यांना बंदी. अमुक नाक्यावर गाड्या तुंबल्यात, एवढं आरजे सांगू शकतो. तिथला खड्डा का बुजवला जात नाही, हे महापालिकेला विचारून त्याची बातमी करू शकत नाही. शहराच्या बातम्या द्यायच्याच नाहीत, तर स्थानिक केंद्राकडे गाण्यांखेरीज उरतं काय? पुढे २०११ च्या धोरणाने सवलत दिली, तीही आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी वाजवण्यापुरती. तासाला १० मिनिटं बातम्यांना मुभा द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. निदान तेवढी १० मिनिटं तरी या केंद्रांना मिळायलाच हवीत.