ओढ्यांतील मुके साक्षीदार

पाणी डोळ्यांस नितळ दिसलें म्हणजे तें शुद्धच असावें, असें आपण समजतों. परंतु आम्हांस हा समज फसवा वाटतो. बाटलींत भरून तपासलेलें पाणी त्या क्षणापुरतीच साक्ष देतें; काल रात्रीं सोडलेली घाण आज वाहून गेलेली असते. तळच्या दगडांखालीं राहणारे किडे मात्र महिनोन्‌महिने तेथेंच असतात.

‘स्टोनफ्लाय’ नामक माशीच्या पिलांस थंड व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. घाण कुजून प्राणवायु घटला कीं तीं प्रथम नाहींशीं होतात. उलट, ‘कायरोनोमस’ नामक चिलटाच्या लाल अळ्या अशा चिखलांतही तगतात. कारण आपल्या रक्ताप्रमाणें त्यांच्याही रक्तांत प्राणवायु धरून ठेवणारें हिमोग्लोबिन असतें. यावरूनच ब्रिटनमध्यें १९८० च्या सुमारास नद्यांस गुण देण्याची पद्धति रूढ झाली: स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांस १०, तर लाल अळ्यांच्या कुळास अवघे २.

विद्यार्थीमित्रहो, ओढ्यावर जाल तेव्हां एखादा दगड उलटून पाहा, व पुन्हां जागच्या जागीं ठेवा. किडे दिसले म्हणून पाणी पिण्याजोगें ठरत नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्या. परंतु पूर्वीं दिसणारे किडे एकाएकीं नाहींसे झाले, तर घरीं वडीलधाऱ्यांस अवश्य सांगा. वरच्या अंगास पाण्यांत काय मिसळतें, याचा शोध त्यांनीं घ्यावा.