जुन्या मोटारीचे शॉकअप

आमच्या घरी एक मॉरिस मायनर आहे. वडिलांनी ती फार वर्षांपूर्वी जुनीच विकत घेतली होती. माझ्या नोकरीतल्या प्रत्येक बदलीबरोबर तीही गावे बदलत आली. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या आईने तक्रार केली, की खड्ड्यातून गेल्यावर गाडी बराच वेळ झुलत राहते. तक्रार रास्त होती. मी केलेला उपाय मात्र चुकला.

शॉकअब्सॉर्बरला पुस्तकी मराठीत धक्काशोषक म्हणतात आणि कारखान्यात शॉकअप. पैकी पहिले नाव दिशाभूल करणारे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगेचा स्वभाव असा, की दाबली की उसळायचे आणि उसळली की पुन्हा दबायचे. तिची ही चाललेली उठाबशी थांबवणे, एवढेच शॉकअपचे काम. त्यातले तेल बारीक वाटांतून आणि झडपांतून ढकलले जाते व त्या खटाटोपात हालचालीची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते. तेव्हा शॉकअप जितका कडक तितका चांगला, हा समज खरा नव्हे. स्प्रिंगेला दबूच दिले नाही, तर खड्ड्याचा हिसका थेट सांगाड्याला बसतो आणि चाक क्षणभर रस्ता सोडते. रस्ता सुटलेल्या चाकावर ब्रेकची सत्ता चालत नाही.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मायनर १९४८ साली बाजारात आली. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. भारतात हिंदुस्थान मोटर्सने हीच गाडी पन्नाशीच्या दशकात 'बेबी हिंदुस्थान' या नावाने काढली. तिचे शॉकअप आजच्यासारखे नळीचे नाहीत. एक ओतीव पेटी, तिच्यात तेल व दट्टे, आणि बाहेर आलेली एक लोखंडी भुजा, अशी ही जुनी रचना. मागच्या बाजूस ही भुजा एका दुव्याने आसाला जोडलेली असते. पुढे मात्र मामला निराळा आहे: तेथे ही भुजा हाच चाकाचा वरचा आधार. म्हणजे पुढचा शॉकअप केवळ उसळी आवरीत नाही, तो चाक धरूनही ठेवतो. पुढच्या बाजूस नळीचे शॉकअप बसवण्याचे जे संच मिळतात, त्यांपैकी बऱ्याच संचांत जुनी पेटी बिजागरीसारखी जागेवरच राहते. तिचा दांडा झिजलेला असेल, तर नवी नळी बसवूनही चाक डुगडुगणारच.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. "साहेब, मागे कडक नळ्या टाका, जन्मभर बघायला नको," असे एका मिस्त्रीने सांगितले आणि मी मान डोलावली. त्या नळ्या एका जड गाडीच्या होत्या; मायनरचे वजन साडेसातशे किलोच्या आसपास. पावसाळ्यात एका उखडलेल्या वळणावर गाडीचा मागचा भाग टुणटुण उडत बाहेरच्या बाजूस सरकला. वेग बेताचा होता, म्हणून चर दोन हात अलीकडे राहिला. आई काही बोलली नाही. तिने फक्त पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती.

खाली वाकून पाहिले तेव्हा दुसराही दोष दिसला. नळी घेताना तिची मिटलेली आणि पूर्ण उघडलेली, अशा दोन्ही लांब्या मोजाव्या लागतात. चाक वर येताना आधी रबरी ठोकळ्याला टेकले पाहिजे. आमची नळी त्यापूर्वीच तळाला लागत होती, आणि सगळा मार तिच्या खिळ्यावर पडत होता.

शेवटी जुन्याच पेट्या दुरुस्त करून घेतल्या. दुरुस्त माल घेताना वरचा ताजा काळा रंग पाहून भुलू नये. पेटी शेगड्यात धरून भुजा सावकाश वरखाली करावी: ओढ सर्वत्र सारखी लागली पाहिजे, मध्येच पोकळ हिसका लागता कामा नये. मग भुजा आडवी हलवून पाहावी. दांडा खेळत असेल तर तेल गळणार, आणि पुढच्या चाकाचा कोनही बिघडणार. एका आसावरची जोडी एकदमच बदलावी. तेल शॉकअपचेच, पातळ खनिज तेल घालावे. ब्रेकचे तेल आतल्या रबराला खाते. इंजिनाचे दाट तेल घातले की गाडी ताठ होते व दोष झाकला जातो.

कोपरा दाबून सोडण्याची प्रसिद्ध चाचणीही मायनरच्या मागच्या बाजूस फसवते. गंजलेले पाटे एकमेकांवर घासून उसळी आपणच थांबवतात आणि मेलेला शॉकअप जिवंत भासतो. उलट दुव्यातले रबरी बुश फाटले असले, तर चांगल्या शॉकअपवर आळ येतो. बुश स्वस्त असतात, आधी तेच पाहावेत.

एक गोष्ट जिवावरची. पुढची भुजा सोडवण्यापूर्वी चाकाच्या खालच्या दांड्याला जॅकचा भक्कम आधार द्यावा. मायनरला पुढे गुंडाळीची स्प्रिंग नाही, पिळलेली पोलादी दांडी आहे. वरचा सांधा सुटताच तिचा पीळ खालचा दांडा झटक्याने फेकतो. त्या जागी कोणाचा हात असू नये.

पेट्या बसवल्यावर आईला पुन्हा त्याच वळणावरून नेले. गाडी अजून झुलते, असे तिचे म्हणणे. मी मोजले: एकदा झुलली आणि थांबली.