लांब शब्द आणि अपुरी ओळ

अंबरनाथ-बदलापूर भागांतील जांभूळ या गांवीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें जलशुद्धीकरण केंद्र आहे. दुरुस्तीसाठीं तें बंद राहणार असलें कीं सूचना निघते, आणि हल्लीं ती बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच वाचली जाते. ‘जलशुद्धीकरण’ हा शब्द सात अक्षरांचा. त्यास विभक्तिप्रत्यय लागले म्हणजे तो आणखी लांबतो. तक्त्याचा चौकोन अरुंद असेल तर तो बाहेर येऊन शेजारच्या तारखेवर चढून बसतो, आणि पाणी भरून ठेवण्याचा दिवस घरच्या माणसांस समजत नाहीं.

मोडींत ही अडचण नव्हती. आधीं रेघ ओढावयाची व तिच्याखालीं अक्षरें लिहीत जावयाचें. शब्दांमध्यें अंतर नाहीं, ओळ संपली कीं उरलेला शब्द निमूटपणें पुढील ओळींत. वाचणारा कारकून मुरलेला असे! मुद्रणांत शब्द सुटे झाले, आणि ते कोठें तोडावे हा प्रश्न खिळे जुळविणाऱ्याकडे आला. चांगला जुळारी ‘जल-’ येथें ओळ संपवी, कारण तेथें अर्थाचा सांधा आहे. ‘जलशु-’ येथें नव्हे.

संकेतस्थळाच्या पानांत हें काम सीएसएस नांवाच्या मांडणीभाषेंतील आज्ञा करितात. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ला ‘ब्रेक-वर्ड’ हें मूल्य दिलें तर शब्द संपूर्ण ओळींतहि मावत नसेल तेव्हांच तो तुटतो. ‘वर्ड-ब्रेक’ला ‘ब्रेक-ऑल’ दिलें तर मात्र पुढील ओळींत जागा असूनहि शब्द जेथल्या तेथें कापला जातो. मराठीस ही दुसरी आज्ञा देणें म्हणजे अडकित्त्यानें फूल कातरणें होय.

कापतांनाहि मर्यादा आहे. काना, मात्रा, अनुस्वार अक्षरापासून सुटूं नयेत, व ‘द्धी’ फुटूं नये. वाचकास तें एक अक्षर. यंत्राच्या लेखीं मात्र द, हलन्तचिन्ह, ध व वेलांटी अशा चार खुणा. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानें त्याचे दोन तुकडे गणले जात. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तींत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला.

उत्तम उपाय जुळाऱ्याचाच आहे. ‘जल’ व ‘शुद्धी’ यांमध्यें, तसेंच ‘करण’च्या आधीं, मृदु संयोगचिन्ह ठेवावें. तें एरव्हीं अदृश्य असतें. ओळ तेथें तुटली तरच दिसतें. ‘हायफन्स’ला ‘ऑटो’ म्हटल्यास ब्राउझर स्वतःच सांधा शोधतो, पण त्यासाठीं पानाची भाषा मराठी असल्याची नोंद हवी, आणि ब्राउझरपाशीं मराठीचे शब्दतोडीचे नियमहि हवेत. तारखेच्या चौकोनास तर शब्दांच्या चौकोनाहून आधीं जागा राखून द्यावी.