रॉइसचा क्रँकदंड आणि चौथा गिअर

ऐषआरामी मोटार म्हटली की मखमली गाद्या, पितळी दिवे आणि तुकतुकीत रंग डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी रोल्स-रॉइससारखा कारखाना गिऱ्हाइकाला केवळ चासी, म्हणजे एंजिनासह गाडीचा सांगाडाच, विकत असे आणि वरचा सारा डामडौल कोचबिल्डरांच्या स्वाधीन असे. कारखान्याच्या अखत्यारीत उरलेले ऐश्वर्य एकच होते : यंत्राची नीरव गती. मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर विजेच्या याऱ्या घडविणाऱ्या हेन्‍री रॉइसने १९०६ सालच्या ‘४०/५०’ मोटारीत, जिची पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून ख्याती झाली, जे निर्णय घेतले, ते बहुतांशी या एका ध्येयापायी घेतले.

सहा सिलिंडरांचे एंजिन चाराच्या एंजिनापेक्षा संथ चालावे हा हिशेब कागदावर बिनचूक होता. परंतु रॉइसच्याच आधीच्या ३० अश्वशक्तीच्या सहा-सिलिंडरी गाडीचे क्रँकदंड मोडू लागले. प्रत्येक स्फोटासरशी लांब दंडाला किंचित पीळ बसतो आणि पोलाद तो पीळ लगेच उलट फिरून सोडू पाहते. एका ठरावीक वेगाला स्फोटांची लय आणि दंडाची स्वतःची लय जुळली, म्हणजे झोपाळ्याला अचूक वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांप्रमाणे पीळ वाढतच जातो आणि अखेरीस भरभक्कम पोलादही हार खाते. रॉइसने दोष पोलादावर न ढकलता रचनेत शोधला. जुन्या एंजिनातील दोन-दोन सिलिंडरांच्या तीन जोड्या रद्द करून त्याने तीन-तीन सिलिंडरांचे दोन गट केले, दंड आखूड व जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि वंगण दाबाखाली त्या बेअरिंगांपर्यंत पोहोचविण्याचा बंदोबस्त केला. सात लिटरांहून मोठ्या या एंजिनातून मिनिटाला सुमारे १२५० फेऱ्यांवर जेमतेम ४८ अश्वशक्ती निघे. एवढ्या आकारमानातून अधिक शक्ती पिळून काढणे अशक्य नव्हते. ती हातची राखून शांतता विकत घेण्याचा हा सौदा होता, आणि माझ्या मते त्या काळच्या यंत्रविद्येतील तो अत्यंत धैर्याचा सौदा होय. १९०७ साली चंदेरी रंगाच्या गाडीने १४,००० मैलांहून अधिक अंतर सक्तीच्या थांब्याविना कापले, तेव्हा त्या सौद्याची पावती मिळाली. पुढल्याच वर्षी मुंबई-कोल्हापूर चाचणीत याच जातीच्या गाडीने घाट पार केले, आणि ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी खरेदी केली.

मात्र नीरवतेचा हाच हव्यास एकदा अंगाशीही आला. आरंभीच्या चार गिअरांपैकी तिसरा थेट जोडणीचा आणि चौथा अतिवेगाचा होता. त्या चौथ्यात दातेरी चाकांचा आवाज येई, आणि गिऱ्हाइकांना तर गिअर न बदलता सारा प्रवास वरच्याच गिअरात करण्याची हौस. तेव्हा चौथा गिअर काढून तीनच ठेवण्यात आले. इंग्लंडच्या सौम्य चढांवर ही तजवीज सुखाची ठरली. १९१२ च्या ऑस्ट्रियातील आल्प्स चाचणीत मात्र जेम्स रॅडली यांची खाजगी गाडी कॅट्‌शबर्ग खिंडीच्या उभ्या चढावर अडली, कारण खालचा गिअर तेवढा ताकदीचा नव्हता, आणि कारखान्याच्या इभ्रतीला धक्का बसला. रॉइसने तातडीने चार गिअरांची पेटी पुन्हा मंजूर केली, पण जुनीच पेटी परत आणली नाही : या खेपेस चौथा गिअर थेट जोडणीचा ठेवला, त्यामुळे सपाटीवरची शांतता कायम राहिली, आणि खालचा गिअर अधिक जोरकस केला. १९१३ साली त्याच खिंडीतून कारखान्याच्या गाड्या निर्वेध वर चढल्या.