एक ‘की’ आणि इंग्रजीतील पाच शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मोठे शब्द फारसे छळत नाहीत. अडले तर तो शब्दकोश उघडतो आणि अर्थ शोधतो. तो अडखळतो लहान शब्दांपाशी: व्हॉट, विच, दॅट, हाऊ, वेदर, अन्टिल, ऑलदो. हे शब्द आपल्याला येतात अशी त्याची खात्री असते, म्हणून ते तो कधी शोधतच नाही. बडोद्यातील महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकवताना मराठी घरांतील मुलांच्या उत्तरपत्रिकांत मला याच शब्दांच्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. त्या निष्काळजीपणाच्या चुका नव्हेत. बहुतेक वेळा मुलाने मराठीचे व्याकरण चोख पाळलेले असते. वाक्य तेवढे इंग्रजी असते. ही गोष्ट उदाहरणांनी स्पष्ट करावी आणि तिचा अध्यापनात काय उपयोग होतो ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बडोद्याची परिस्थिती थोडी वेगळी आहे. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेले मराठी मूल घरात मराठी बोलते, रस्त्यावर गुजराती बोलते आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकते. मराठी त्याच्या तोंडी असते, पण मराठीचे व्याकरण त्याला कोणी शिकवलेले नसते. त्यामुळे आपले इंग्रजी वाक्य कोणत्या साच्यातून निघाले, हे त्याला स्वतःला दिसत नाही.

भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची परंपरा मात्र या शहराला आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. त्यात आठ भाषांतील प्रतिशब्द एकत्र दिलेले आहेत. अशा कोशात ‘न्यायाधीश’ किंवा ‘करार’ यांना प्रत्येक भाषेत जागा मिळते. ‘की’, ‘का’, ‘जे’ या शब्दांना मात्र अशी एकास एक जागा देता येत नाही. त्यांचा अर्थ वाक्यात बसल्यावरच कळतो.

एका ‘की’ची कामे

‘की’ हा शब्द घ्या. शालेय मराठी व्याकरणात तो विकल्पबोधक अव्ययांतही येतो आणि स्वरूपबोधक अव्ययांतही येतो. पुढील पाच वाक्ये पाहा.

१. चहा घेणार की कॉफी?
२. तो येईल की नाही, ठाऊक नाही.
३. ती म्हणाली की परीक्षा पुढे गेली.
४. पाऊस थांबला की निघू.
५. तो इतका दमला की बसल्या जागी झोपला.

मराठीत सगळीकडे एकच ‘की’ आहे. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘ऑर’ येतो, दुसऱ्यात ‘वेदर’, तिसऱ्यात ‘दॅट’, चौथ्यात ‘ॲज सून ॲज’, आणि पाचव्यात आधी आलेल्या ‘सो’च्या जोडीने ‘दॅट’. गुजरातीतील ‘के’ यांतली बरीच कामे तशीच करतो. म्हणून शेजारी बसलेल्या गुजराती विद्यार्थ्यालाही मराठी विद्यार्थ्याची चूक चूक वाटत नाही. ‘आय डोन्ट नो दॅट ही विल कम ऑर नॉट’ हे वाक्य वर्गात सर्वांनाच बरोबर वाटते, कारण त्यामागे सर्वांचाच ‘की’ किंवा ‘के’ असतो. तिथे ‘वेदर’ हवा.

उपाय सोपा आहे. ‘की’च्या पुढे काय आले ते पाहावे. पुढे विधान असेल तर ‘दॅट’. हो किंवा नाही असे उत्तर मागणारा प्रश्न असेल तर ‘वेदर’ किंवा ‘इफ’. आणि व्हॉट, व्हेअर, व्हाय असा प्रश्नार्थक शब्द असेल तर जोडणारा दुसरा शब्द लागतच नाही. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हॉट इज युअर नेम’ या वाक्यात ‘दॅट’ जादा आहे. जोडण्याचे काम ‘व्हॉट’ने आधीच केलेले आहे.

याच वाक्यात आणखी एक दोष आहे. मराठीत विधान असो वा प्रश्न, शब्दांचा क्रम बहुधा बदलत नाही: ‘तुझे नाव मीरा आहे’, ‘तुझे नाव काय आहे?’ इंग्रजीत प्रत्यक्ष विचारताना ‘इज’ कर्त्याच्या आधी येतो. पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रत्यक्ष विचारला जात नसतो. म्हणून क्रम पुन्हा विधानाचा होतो: ‘ही आस्क्ड मी व्हॉट माय नेम वॉज.’

‘मी’ म्हणजे कोण?

वरच्या चुकांनी फार तर गुण जातात. पुढची चूक अर्थच उलटा करते. ‘वडील म्हणाले की मी सोमवारी फी भरतो’ या मराठी वाक्यातला ‘मी’ म्हणजे वडील. आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ‘की’नंतर ठेवू शकतो. गुजरातीतही असेच चालते. इंग्रजीत अवतरणचिन्हे नसतील तर ‘दॅट’नंतरचा ‘आय’ म्हणजे वाक्य सांगणाराच. ‘माय फादर सेड दॅट आय विल पे द फीज ऑन मंडे’ असे विद्यार्थ्याने अर्जात लिहिले, तर फी भरण्याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली असा अर्थ होतो. ‘ही वुड पे’ असे लिहायला हवे. अर्ज, तक्रार, जबाब अशा कागदांत कोणी काय कबूल केले यालाच महत्त्व असते. तिथे हा एक सर्वनामाचा फरक महागात पडू शकतो.

जोडशब्दांची सवय

मराठीला जोड्या आवडतात: जर आणि तर, जरी आणि तरी, जेव्हा आणि तेव्हा, जे आणि ते. इंग्रजीत बहुधा जोडीतला एकच शब्द पुरतो. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ याचे ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ होते, कारण मुलाला ‘तरी’ गाळणे अपुरे वाटते. ‘ऑलदो’ ठेवावा किंवा ‘बट’ ठेवावा, दोन्ही नकोत. ‘ती जे म्हणाली ते खरे आहे’ यात तर एकटा ‘व्हॉट’ जे आणि ते या दोघांचे काम करतो: ‘व्हॉट शी सेड इज ट्रू.’ इथे ‘व्हॉट’ म्हणजे ‘काय’ नव्हे, हे मुद्दाम सांगावे लागते. उलट ‘ऑल’ हा शब्द आधी आला, तर ‘ते’ची जागा भरलेली असते. म्हणून ‘ऑल व्हॉट शी सेड’ चुकीचे आणि ‘ऑल दॅट शी सेड’ बरोबर.

‘अन्टिल’चा घोटाळाही असाच. ‘फी भरली जात नाही तोपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही’ असे आपण म्हणतो. मराठी वाक्य फी न भरलेल्या सगळ्या काळाबद्दल बोलते, म्हणून तिथे ‘नाही’ आवश्यक आहे. ‘अन्टिल’ तो काळ जिथे संपतो त्या क्षणाकडे बोट दाखवतो, आणि तो क्षण फी भरल्याचा असतो. म्हणून ‘अन्टिल द फीज आर पेड’ एवढेच लिहावे. त्यात ‘नॉट’ घालू नये.

‘केम’, ‘का’ आणि ‘कसा’

प्रश्नार्थक शब्दांत बडोद्याच्या मुलांची मराठी त्यांच्या मदतीला येऊ शकते. गुजरातीतील ‘केम’ दोन कामे करतो. ‘केम छो?’ यात तो ‘कसे’ विचारतो, आणि ‘केम न आव्या?’ यात ‘का’ विचारतो. त्यामुळे ‘हाऊ’ आणि ‘व्हाय’ यांची अदलाबदल होते. मराठीत ‘कसे’ आणि ‘का’ हे दोन शब्द आहेत. मराठी मुलाने मनातल्या मनात ‘का आला नाहीस?’ असे म्हणून पाहिले, की ‘व्हाय’ आपोआप सापडतो.

मात्र ‘कसा’ही सर्वत्र ‘हाऊ’ नसतो. ‘तो कसा आहे?’ हा प्रश्न आपण प्रकृतीबद्दलही विचारतो आणि स्वभावाबद्दलही. इंग्रजीत प्रकृतीसाठी ‘हाऊ इज ही?’ आणि स्वभावासाठी ‘व्हॉट इज ही लाइक?’ असे दोन प्रश्न आहेत. ‘का’चेही तसेच. ‘तू का जातोस?’ यात कारण विचारले आहे. ‘तू जातोस का?’ यात फक्त हो किंवा नाही हवे आहे. मराठीत ‘का’ची जागा बदलली की अर्थ बदलतो. इंग्रजीत पहिल्याला ‘व्हाय’ लागतो, तर दुसऱ्यात ‘का’साठी वेगळा शब्दच नाही, ‘आर यू गोइंग?’ यात ‘आर’ पुढे आला की प्रश्न तयार होतो.

वर्गात काय करावे

‘इंग्रजीतच विचार करा’ असा सल्ला विद्यार्थ्यांना सर्रास दिला जातो. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, त्याला त्यातून एवढेच कळते की आपली भाषा हीच आपली अडचण आहे. मग तो मराठी लपवू लागतो. चूक मात्र तशीच राहते, कारण ती कुठून आली हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

मी फळ्यावर तीन रकाने आखते: मराठी, गुजराती, इंग्रजी. रकान्यात सुटा शब्द लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचे. मग मुलेच सांगतात की इथे ‘की’ने काय काम केले, ‘के’ने काय केले आणि इंग्रजीत त्या कामासाठी कोण आले. अशा तासात इंग्रजीचा नियम तर कळतोच; शिवाय शाळेत कधी न शिकलेल्या मराठीला स्वतःचे व्याकरण आहे, हेही मुलांना पहिल्यांदा कळते. माझ्या मते बडोद्यासारख्या शहरात भाषाशिक्षकाने ही दोन्ही कामे एकत्रच करावीत. मराठी वाक्य नीट उलगडता आले, तर इंग्रजी वाक्य दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही.