रोगाच्या आधी गोठ्यात

मृगाच्या सरी यायच्या आत महाड-पोलादपूरच्या गोठ्यांतून एक काम उरकावं लागतं. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्यात उसळणारे रोग, त्यामुळे त्यांची लस आधीच टोचलेली बरी. गुरं चरायला सुटली की हाती लागत नाहीत, म्हणून पशुधन पर्यवेक्षक सकाळीच वाडी गाठतात. खांद्याला लसीची पेटी, आत बर्फ. लस २ ते ८ अंशांतच राखावी लागते. तापली की वाया गेली. धनी दावं आखडून गाईची मान धरतो, सुई टोचली जाते आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी क्रमांक नोंदवला जातो.

सावित्रीच्या खोऱ्यातले हे दोन तालुके वाहत्या रस्त्यांवर आहेत. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, वरंधा घाट भोरकडे आणि आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढतो. भात कापून झालं की गुरं शिवारात मोकळी सुटतात, एकाच पाणवठ्यावर येतात; रोगालाही हीच वाट मिळते. २०१८ साली राष्ट्रीय नोंदणी मिळालेली कोकण कपिला गाय लहान चणीची आणि काटक, पण लाळ्या खुरकुतापासून तिलाही लसच वाचवते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस दर सहा महिन्यांनी मोफत दिली जाते.

पशुवैद्यकीय दवाखान्याचं काम सुईपाशी संपत नाही. संशयित जनावराचे नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार साथ आलेला भाग नियंत्रित क्षेत्र ठरवता येतो, गुरांचे बाजार आणि वाहतूक थांबवता येते.

हा अधिकार किती मोलाचा, ते २०२२ साली गुरांच्या लम्पी त्वचारोगाने दाखवलं. सप्टेंबरात अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र झालं, बाजार बंद पडले. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना मोफत टोचली गेली. डास, माश्या, गोचीड हा रोग पसरवतात, म्हणून गोठ्यांत फवारणी झाली. दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३० हजार आणि बैलासाठी २५ हजार रुपयांची मदत ठरली. मदत मिळणार म्हटल्यावर रोग लपवण्याचं कारणही कमी झालं.

साथीसारखंच आपत्तीतही हे काम लागतं. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली. अशा आपत्तीत माणसांच्या दुःखापुढे जनावरांचा विचार मागे पडतो. पण मेलेली गुरं चुना घालून खोल पुरली नाहीत, तर पाणी नासतं आणि नव्या साथीला वाट मिळते. हेही पशुवैद्यकीय देखरेखीचंच काम.

ही सारी यंत्रणा हलते ती गोठ्यातून आलेल्या पहिल्या बातमीवर. अंगावर गाठी, तोंडातून लाळ, खुरांत जखमा दिसल्या, तर जनावर वेगळं बांधा आणि ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला त्याच दिवशी कळवा; १९६२ हा क्रमांक मोफत आहे. अचानक दगावलेलं जनावर मात्र कापू नका. फाशी रोग असेल, तर उघड्या शवातून त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात.